मुदत मागणारा गुन्हेगार नव्हे!

२०१७ चा ऑगस्ट महिना होता. पाकिस्तानातील सिंध प्रांतातून आलेल्या एका भिल्ल हिंदू कुटुंबाला जोधपूरहून थर एक्स्प्रेसने परत पाठविण्यात आले. राजस्थान उच्च न्यायालयाने या रवानगीला स्थगितीही दिली. पण आदेश झाला तोवर उशीर झालेला होता. ज्या भूमीतून जीव मुठीत धरून हे कुटुंब निघाले, तेथेच त्याला पोहोचविण्यात आले. दोष कोणाचा, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. परंतु प्रश्न इतकाच होता की, आणखी काही दिवसांची मुदत देण्याने या विशाल राष्ट्राचे असे काय बिघडले असते?

कायद्याची बाजू प्रथम पाहिली पाहिजे. परकीय नागरिकास देशाबाहेर घालविण्याचा शासनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच अनिर्बंध ठरविला आहे आणि तो तसाच असला पाहिजे. जे राष्ट्र आपल्या सीमेवर उंबरठा मानीत नाही, ते फार काळ राष्ट्र राहत नाही. बनावट कागदपत्रे करून शिरलेल्या घुसखोरास बाहेर काढलेच पाहिजे, ही आपली मागणी आजची नाही. मग शरणार्थ्यासाठी मुदत मागणे ही विसंगती नव्हे काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही.

त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या एका निकालात आहे. कप्ताई धरणामुळे आणि छळामुळे पूर्व पाकिस्तानातून आलेले चकमा, हाजोंग बांधव १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशात राहत होते. त्यांना हुसकावण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. जीविताचे संरक्षण देणारे राज्यघटनेचे एकविसावे कलम केवळ नागरिकांपुरते नाही, आणि नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन असेतोवर नागरिक नाही या कारणास्तव अर्जदारास हुसकावता येणार नाही. न्यायालयाने नागरिकत्व बहाल केले नाही. निर्णय होईपर्यंत थांबा, एवढेच सांगितले. स्थगितीचा खरा अर्थ हाच आहे. ती सत्य पडताळण्यासाठी राखून ठेवलेली वेळ असते. घुसखोर कोण आणि शरणार्थी कोण, हे ठरविण्यासाठीही ती वेळ लागतेच. घाईने काढलेल्या आदेशात दोघेही एकाच गाडीत बसविले जातात.

मधल्या काळात पुष्कळ सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०१६ मध्ये नागपूर, पुणे, ठाणे, मुंबई यांसह देशातील काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या अल्पसंख्य बांधवांच्या नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार मिळाले. २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा झाला. त्याचे नियम मात्र यावयास ११ मार्च २०२४ उजाडला. या कायद्याचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना आहे. सप्टेंबर २०२५ मधील सवलतीच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळाच्या भयाने आलेल्यांना कागदपत्रांच्या अटीतून सूट मिळाली. पण सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. आणि त्या तारखेनंतर जो आला, त्याच्या डोक्यावर टांगती तलवार कायमच आहे. छळाला का अंतिम तारीख असते?

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या भीषण हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. ते योग्यच झाले. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्या हिंदूंना त्यातून वगळण्यात आले, हेही योग्य झाले. परंतु जो तीर्थयात्रेच्या व्हिसावर आला, ज्याचा अर्ज अद्याप तयारही नव्हता, त्याने त्या चार दिवसांत काय करावयाचे होते? पारपत्र, शपथपत्र, नोंदणी या शब्दांचा अर्थही न कळणारा शेतमजूर चार दिवसांत कायद्याची पायरी कशी चढणार?

शिबी राजाची कथा आपण मुलांना सांगतो. कबुतराला अभय दिले, हे आपण लक्षात ठेवतो. पण ससाण्याचा अधिकार राजाने नाकारला नाही, हे विसरतो. त्याने तराजू मागविला. शरणागताला अभय आणि नियमाला मान, दोन्ही एकाच वेळी सांभाळावयाचे, तर तराजू लागतो आणि वजन करण्यास वेळ लागतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा वा नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन असताना कोणाचीही रवानगी होऊ नये, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता नियमात लिहावे. रवानगीपूर्वी लेखी सूचना आणि न्यायालयात जाण्याइतके दिवस मिळावेत. आणि शासनानेही निर्णयास कालमर्यादा घालून घ्यावी; कारण वर्षानुवर्षे लोंबकळणारी स्थगिती हीसुद्धा एक शिक्षाच आहे. तिचा लाभ प्रामाणिक शरणार्थ्यापेक्षा लबाड घुसखोरच अधिक उठवितो.

शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेल्या सिंधी बांधवांनी शून्यातून शहर उभे केले, त्याचा अभिमान आपण सांगतो. आज नागपुरात वा जोधपूरच्या वस्तीत आलेल्या कुटुंबाचा अर्ज भरून देण्यास आपल्यापैकी कितीजण जातात? सभेतील घोषणेपेक्षा वेळेवर दाखल झालेला एक अर्ज मोलाचा आहे. निवृत्त कारकून, तरुण वकील, शाळेतील शिक्षिका यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तरी कित्येक घरे वाचतील.

थर एक्स्प्रेस २०१९ पासून बंद आहे. परंतु आदेश उशिरा पोहोचण्याची भीती मात्र संपलेली नाही. पुढच्या वेळी स्थगिती वेळेवर मिळावी, ही जबाबदारी न्यायालयाइतकीच आपलीही आहे.