शंभरचं टाक!

पाऊण कोटीची गाडी घ्यायला आलेला माणूसही विक्रेत्याला जाता जाता विचारतोच, "अ‍ॅव्हरेज काय देते?" विक्रेता एक आकडा सांगतो आणि दोघेही तो लगेच विसरतात. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, चुडाव्यात हाच प्रश्न शंभर सीसीच्या मोटारसायकलीबद्दल विचारला जातो, तेव्हा उत्तर कोणी विसरत नाही, कारण त्यावर महिन्याचा हिशेब बसवायचा असतो.

दोन्ही गाड्यांचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा.

नोव्हेंबर 2020 मध्ये मर्सिडीजने एएमजी जीएलसी 43 कूपे आपल्याच चाकणच्या कारखान्यात जुळवून बाजारात आणली. एएमजी म्हणजे या कंपनीची वेगवान गाड्यांची शाखा. त्या शाखेची भारतात जुळवलेली ही पहिली गाडी. मागे उतरते छप्पर, तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, ताकद 390 अश्वशक्ती आणि शोरूममधली किंमत 76 लाख 70 हजार रुपये. असे इंजिन कागदावर लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते. चालवणाऱ्याचा पाय जड असेल तर तेवढेही नाही. लिटरला नऊ धरा, वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा आणि हिशेबापुरता पेट्रोलचा भाव 105 रुपये धरा. वर्षाचे पेट्रोल झाले सुमारे 1 लाख 17 हजारांचे. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण त्या गाडीच्या खर्चात तो कोपऱ्यात बसतो. विम्याच्या रूढ तक्त्यानुसार पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी होते, म्हणजे नुसता घसारा वर्षाला साडेसात लाखांवर जातो. साठ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी काढले तर पहिल्या वर्षाचे व्याजच पाच लाखांच्या आसपास. आयुष्यभराचा वाहनकर 13 टक्क्यांच्या हिशेबाने दहा लाखांच्या घरात. विमा, रुंद टायर आणि अधिकृत सेवाकेंद्राची बिले आणखी वेगळी. मुद्दा एवढाच की गाडीच्या किमतीएवढे पेट्रोल जाळायला या मालकाला 65 वर्षे लागतील.

आता मोटारसायकल. किंमत ऐंशी हजार, लिटरला साठ किलोमीटर. चुडाव्याहून नांदेडला कामाला जाऊन परत येणाऱ्या माणसाचे दिवसाला पन्नास आणि वर्षाला पंधरा हजार किलोमीटर सहज होतात. म्हणजे अडीचशे लिटर, 26 हजार रुपये. गाडीच्या किमतीएवढे पेट्रोल तीन वर्षांत जळून जाते! इथे पेट्रोल कोपऱ्यात बसत नाही, पाटावरच बसते. आणि हा माणूस टाकी भरत नाही. तो पंपावर म्हणतो, "शंभरचं टाक." भाव वाढला की त्याचे शंभर तेवढेच राहतात, रस्ता मात्र आखूड होतो.

तरीही राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल म्हणून वर्षानुवर्षे नाव कुणाचे येते? मलबार हिलचे नव्हे, परभणीचे. एप्रिल 2022 मध्ये मुंबईत लिटर 120 रुपये 51 पैशांना होते, तेव्हा परभणीत ते 123 च्या पुढे गेले होते. कारण सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून पेट्रोल नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येते आणि तिथून पुढे टँकरने तीनशेवर किलोमीटर रस्ता कापून परभणीत. हे भाडे किमतीत मिसळते. मग त्या सगळ्या बेरजेवर राज्याचा 25 टक्के मूल्यवर्धित कर बसतो आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. म्हणजे आपण नुसते अंतराचे भाडे देत नाही, त्या अंतरावर करही देतो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत हाच कर एक टक्का जास्त होता. जुलै 2024 मध्ये तो बाकीच्या राज्याएवढा खाली आणला गेला आणि तिथले पेट्रोल सुमारे 65 पैशांनी उतरले. समानता झाली म्हणे! टँकरच्या अंतराच्या समानतेबद्दल मात्र कोणी बोलले नाही.

परभणीच्या अंतराचे तीन रुपये धरले तर कूपेवाल्याला वर्षाला 3300 रुपये जास्त पडतात. ते त्याच्या ध्यानातही येणार नाहीत. मोटारसायकलवाल्याला पडतात 750. रोजगार हमीच्या 2025-26 मधल्या 312 रुपये दराने ही जवळजवळ अडीच दिवसांची मजुरी होते, आणि तीही नुसती मनमाड लांब आहे म्हणून.

कोणी म्हणेल, कूपेवाला दहा लाख वाहनकर भरतो, त्याचे काय? भरतो, हे खरे, आणि एकदाच भरतो. पण सवलतीचा ओघ कुणाकडे वाहतो, हेही पाहावे. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेवरच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेतला. मराठवाड्याला असा अनुभव नवा नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, व्यवहार 65 कोटींचा, आणि स्टेट बँकेचे कर्ज सात टक्क्यांनी. त्याच सुमारास ट्रॅक्टरचे कर्ज बारा टक्क्यांच्या पुढे होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून दाखवले. त्या दीडशे जणांचा आम्हाला राग नाही. घासाघीस करून भाव पाडून घेतला, उत्तम केले. ती घासाघीस आपल्या वतीने करायला कोणी का उभे राहत नाही, हा प्रश्न आहे.

करण्यासारखे आहे, आणि ते अवघडही नाही. मनमाडहून निघालेला लोहमार्ग छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, परभणी, पूर्णा करत चुडाव्याच्या स्टेशनावरून नांदेडला जातो. परभणी ते मुदखेड दुहेरीकरणही झाले आहे. पेट्रोल वाघिणींतून या मार्गाने आणून याच पट्ट्यात साठवायचे ठरवले तर शेकडो टँकरांची फेरी वाचेल. एवढे होईपर्यंत दुसरा मार्ग आहेच. 29 ऑक्टोबर 2024 ला तेल कंपन्यांनी डेपोपासून दूरच्या ठिकाणांसाठी राज्यांतर्गत वाहतूकखर्चाची फेरमांडणी जाहीर केली. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी पेट्रोल साडेचार रुपयांहून जास्त उतरले. निवडणूक आचारसंहिता असलेले भाग तेव्हा वगळले होते आणि महाराष्ट्रात विधानसभेचा प्रचार चालू होता. निवडणूक होऊन गेली. परभणीच्या वाट्याला त्या फेरमांडणीतले नेमके किती आले, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक पंपावर भावाच्या पाटीखाली लिहून लावावे : मूळ किंमत इतकी, मनमाडपासूनचे भाडे इतके, केंद्राचा कर इतका, राज्याचा इतका. पाटी रंगवायला फारसा खर्च येत नाही.

जिल्ह्याच्या खासदारांनी आणि आमदारांनी ही मागणी तेल कंपन्यांकडे लेखी करावी, आणि आलेले उत्तर जिल्ह्यापुढे ठेवावे.