वारीची तयारी चैत्रातच हवी

निवृत्तीनंतर एकदा तरी पायी पंढरपूर गाठावे, ही छत्रपती संभाजीनगरच्या नोकरदार घरांत वारंवार बोलून दाखविली जाणारी इच्छा आहे. त्यासाठी आळंदी-देहूलाच जावे लागते असे नाही. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरील पैठणहून संत एकनाथ महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि पाटोदा, खर्डा, परंडा या मार्गाने सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीसाठी पंढरीत दाखल होते. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, जेवण-मुक्काम ठरलेला. त्यामुळे वर्गणी भरली की तयारी झाली, असा समज होतो.

प्रश्न पायांचा आहे. शेतकरी वारकऱ्याचे पाय वर्षभर शिवारात राबलेले असतात. बासष्टाव्या वर्षी कार्यालयातून थेट दिंडीत येणाऱ्याचे नसतात. अमेरिकेतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ॲपलाचियन पायवाट १९५५ मध्ये ६७ व्या वर्षी एकटीने पूर्ण करणाऱ्या एमा गेटवूड यांच्या साध्या कापडी बुटांचे कौतुक होते. त्यांचे आयुष्य शेतावरच्या कष्टात गेले होते, हे मात्र सांगितले जात नाही.

विद्यापीठ परिसरातील सकाळची फेरी चांगलीच. पण ती वारीचा सराव नव्हे. अंतर तीन-चार महिन्यांत हळूहळू वाढवावे लागते. सलग दोन दिवस लांब चालल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघे काय सांगतात, तीच खरी परीक्षा. वारीत वापरायची पादत्राणेही याच काळात पायाला सरावतात. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असल्यास फोड आल्याचे कळतच नाही आणि जखम चिघळते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीचे प्रमाण वाढते; उन्हात घाम गाळताना शरीरातील पाणी झपाट्याने घटते. गोळ्या परस्पर बंद करणे तर अधिकच घातक.

राज्य शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेला ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम स्वागतार्हच होता. तथापि वाटेवरचा दवाखाना वारकऱ्याला गाठतो तो तो निघाल्यावर. तळव्याची संवेदना नायलॉनच्या तंतूने काही मिनिटांत तपासता येते. घाटी रुग्णालयात वा महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत ही तपासणी चैत्रातच व्हावी आणि दिंडीप्रमुखांनी नावनोंदणीच्या वेळी तिची विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट तेव्हाच बोलून ठेवावी लागेल. अर्ध्या वाटेवरून एसटीने परतणे कमीपणाचे वाटते, म्हणून सुजलेले पाय धोतराआड आणि लुगड्याआड लपविले जातात. परतीची ही मुभा पैठण सोडण्यापूर्वीच प्रत्येकाला दिलेली असावी.