कानामागून आलेला दोरा

गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत मी सावलीला घरी होतो. वर्क फ्रॉम होम, म्हणजे दुपारी लाइट जाणार हे धरूनच मीटिंग लावायची. एका कॉलनंतर हेडफोन काढताना उजव्या कानामागं काहीतरी टोचलं. आईला म्हटलं, बघ जरा. तिनं चष्मा लावून पाहिलं, म्हणाली, "केस रुतला वाटते रे." चिमटीत धरून ओढायला गेली आणि मी ओरडलो. तो केस नव्हता. सहा वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका रुग्णालयात मी माझे बाहेर आलेले कान मागं बसवून घेतले होते, त्यातल्या टाक्याचा तो दोरा होता. 'परमनंट' म्हणून सांगितलेला.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कान वाकवून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दोरा कोणता घातलाय?" मी डिस्चार्ज कार्ड पुढं केलं. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव होतं, तारीख होती, गोळ्या होत्या, दहा दिवसांनी वरचे टाके काढायला या असं होतं. आतल्या दोऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नागपूरला फोन केला तर उत्तर आलं, एवढं जुनं रेकॉर्ड मिळणार नाही.

माझं भांडण दोऱ्याशी नाही, हे आधीच सांगतो. कारण या विषयावर बोलायला लागलं की दोन टोळ्या लगेच हजर होतात. एक म्हणते, शरीरात परका धागा कायमचा ठेवणं म्हणजे विषाची परीक्षा. दुसरी म्हणते, देवानं दिलेले कान स्वीकारा, सगळं मनावर असतं. दुसऱ्या टोळीतले बहुतेक लोक शाळेत मागच्या बाकावर बसून इतरांच्या कानांना टिचक्या मारणारे असतात, हा माझा अनुभव. आपल्याकडं एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. मला सातवीपासून 'सूप' म्हणायचे, धान पाखडायचं सूप. इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षापर्यंत मी केस कानावर वाढवून हिंडलो. पहिला पगार साठवून शस्त्रक्रिया केली आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पहिल्या टोळीलाही उत्तर आहे. न विरघळणारा दोरा ही काही भानगडीची वस्तू नाही. पॉलिप्रोपिलीनच्या दोऱ्यानं हृदयाच्या बायपासमध्ये रक्तवाहिन्या जोडतात, त्याच पदार्थाची जाळी हर्नियात बसवतात, आणि ती माणसाबरोबर आयुष्यभर राहते. तो धातू नाही, त्यामुळं एमआरआयलाही अडचण नाही. कानात तो का लागतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. कानाची कूर्चा स्प्रिंगसारखी असते, वाकवली तरी मूळ आकाराकडं परत जाते. जॅक मस्टार्डे या ब्रिटिश सर्जननं 1963 मध्ये कूर्चा न कापता मागच्या बाजूनं टाके घालून तिची घडी पाडायची पद्धत मांडली. 1968 मध्ये डेव्हिड फर्नास यांनी कानाची वाटी मागच्या हाडाकडं टाक्यांनी ओढून बसवायची रीत सांगितली. आजही जगभर याच दोन कल्पनांचे पोटप्रकार चालतात. तिसरी वाट कूर्चेला पुढून चरे पाडून तिचा ताठा मोडायची, तिचे धोके वेगळे. म्हणजे दोरा हा तडजोडीचा भाग आहे. कूर्चा कमी दुखवायची असेल तर तिला धरून ठेवणारं काहीतरी हवंच.

पण हाच दोरा कानामागं त्रास का देतो? कारण तिथं कातडी पातळ आहे, खाली चरबीचा थर जवळजवळ नाही. हृदयाजवळची गाठ कुणाला टोचत नाही. कानामागची गाठ चष्म्याच्या दांडीला, हेल्मेटच्या पट्ट्याला, उशीला रोज भेटते. त्यात दोऱ्यांचे स्वभाव वेगळे. विणलेला पॉलिएस्टरचा दोरा मऊ असतो, गाठ घट्ट बसते, पण विणीच्या फटीत जिवाणू घर करू शकतात. एकेरी गुळगुळीत दोऱ्यात ते घर मिळत नाही, पण तो ताठ असतो, गाठीला जास्त वेढे द्यावे लागतात आणि कापलेली टोकं कातडीला आतून टोचतात. विरघळणारा पीडीएस सहा-सात महिन्यांत निघून जातो, पण त्याची पकड त्याच्या खूप आधी सुटते. तोवर आतला व्रण कूर्चेला धरून ठेवेल का, यावर सर्जन लोकांचं एकमत नाही. दोऱ्यावर जवळच्या ऊतीचा एक पदर पांघरला तर तो बाहेर यायचं प्रमाण कमी होतं. यात चूक-बरोबर असं काही नाही, निवड आहे. आणि ही निवड माझ्या कानात झाली, माझ्या पैशानं झाली, फक्त मला न सांगता झाली.

'परमनंट' हा शब्द या धंद्यात कसा वापरला जातो ते पाहा. आमच्या ऑफिसात 'टेंपररी फिक्स' म्हणून घातलेला कोड दहा वर्षं चालतो, हे सगळ्यांना माहीत असतं. इथं उलटं आहे. परमनंट म्हणजे दोरा विरघळत नाही, एवढंच. कान कायमचा बसला असं त्यातून निघत नाही. दोरा शाबूत राहून कूर्चेला चिरत जाऊ शकतो आणि कान पुन्हा बाहेर येऊ शकतो. दोरा कायमचा आणि निकाल तात्पुरता, असंही होतं. पण रीलमध्ये मागं संगीत वाजत असतं, आधीचा-नंतरचा फोटो सरकत असतो, आणि 'परमनंट रिझल्ट' लिहिलेलं असतं. त्याहून थोर प्रकार म्हणजे 'नो कट, नो स्टिच' कान शस्त्रक्रिया. बिनछेदाची पद्धत खरीच आहे, 1995 मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात आली. पण तिच्यात छेद नसतो म्हणजे टाके नसतात असं नव्हे. सुईनं कातडीतून आत नेलेले न विरघळणारे टाकेच सगळं काम करतात. ज्या शस्त्रक्रियेत टाक्याशिवाय दुसरं काहीच नाही, ती बिनटाक्याची म्हणून विकायला धाडस लागतं.

यावर लोक म्हणतील, सही करण्याआधी विचारायचं होतं ना. मी विचारलं होतं. "काही होत नाही" हे उत्तर मिळालं होतं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की संमती घेण्यापूर्वी रुग्णाला उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके कळले पाहिजेत. अगदी क्वचित होणारं सगळं सांगायची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. पण दोरा बाहेर डोकावणं हे या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत नोंदलेलं, सर्जनला पाठ असलेलं प्रकरण आहे. सांगायला तीस सेकंद लागतात.

आणि नोंदींचं काय? भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांत डॉक्टरनं भरती रुग्णाच्या नोंदी 3 वर्षं ठेवायच्या आहेत, रुग्णानं मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या आहेत. 2023 च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. म्हणजे हिशेब असा: दोऱ्याचं आयुष्य माझ्याएवढं, त्याच्या कागदाचं 3 वर्षं. तेही 'भरती' रुग्णासाठी. सकाळी कान शिवून संध्याकाळी घरी जाणारा यात कितपत बसतो, यावर वकील भांडोत. आमच्याकडं कुठला पॅकेज कुठल्या व्हर्जनचा बसवला हे लिहून न ठेवणाऱ्या पोराला सीनियर झापतो, आणि तो पॅकेज कुणाच्या कातडीखाली नसतो.

दर थोड्या दिवसांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड येतो की प्लास्टिक सर्जरी भारतानं जगाला दिली. खोटं नाही ते. सुश्रुतसंहितेत फाटलेली कानाची पाळी जोडायचे पंधरा प्रकार आहेत. आणि आपल्या पुण्यातली गोष्ट तर कागदावर आहे: टिपूच्या सैन्यानं नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, त्याचं वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर 1794 ला छापून आलं. मेणाचा पातळ साचा कपाळावर पसरून रेघ कशी मारली, जोड पक्का करायला काताचा लेप लावलेल्या पट्ट्या कशा बसवल्या, चार दिवस दुसरं ड्रेसिंग नाही, सगळं लिहिलंय. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कावसजीच्या नाकाला काय लावलं होतं ते मी तुम्हाला सांगू शकतो. माझ्या कानात काय आहे ते नाही.

मागणी फार मोठी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगाचं स्टिकर कार्डावर चिकटवून देतात. आमच्या आजीकडं ते कार्ड अजून आहे, रेशनकार्डाच्या पिशवीत. दोऱ्याच्या पाकिटावरही पदार्थ, जाडी, बॅच नंबर छापलेला असतो. तो कार्डावर उतरवायला एक ओळ पुरते. कुठल्या कानात किती टाके, ही दुसरी ओळ. मेट्रोतल्या मुलाला कदाचित याची गरज वाटणार नाही, तो त्याच सर्जनकडं परत जाईल. आमचा सर्जन दीडशेच्या वर किलोमीटरवर असतो. कान बिघडतो तेव्हा समोर असतो तो तालुक्याचा डॉक्टर, ज्यानं ती शस्त्रक्रिया केलेली नाही. कार्ड त्याच्यासाठी हवं.

हे अंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात महाग पडतं, म्हणून हे तरी लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेनंतर एकाच कानात ठणका वाढत गेला तर ते गोळी घेऊन झोपायचं दुखणं नव्हे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती वरच्या आवरणावर जगते. मध्ये रक्त साचलं तर ती उपाशी मरते आणि कान वेडावाकडा आकसतो. पट्टी त्याच दिवशी उघडून पाहावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं गावी परतणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं असतं? मला नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तिनं जास्त राग आला. नवजात बाळाची कूर्चा आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळं काही आठवडे मऊ असते. त्या दिवसांत डॉक्टरच्या देखरेखीखाली साचा-पट्टी लावून अनेक बाळांचे कान सुईशिवाय वळवता येतात. नंतर कूर्चा ताठ होते आणि पुढं वाट सरळ ऑपरेशन थिएटरची. आता हे दिवस मोजा. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं आमच्या शेजारच्या गडचिरोलीत उभी केली, 1999 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, आणि त्याच अनुभवावर देशभर आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. कान वळवायची मुदत जवळजवळ हीच! आशाताईंवर आणखी एक रकाना लादा असं मी म्हणत नाही, त्यांच्या मानधनाचंच भांडण मिटलेलं नाही. पण जिल्ह्याच्या बालरोग विभागात हे होतं का, कुणी आई-बापांना सांगतं का, एवढं तरी विचारता येईल. सगळ्यांना लागणार नाही. काही कान आपोआप बसतात, काही नंतर बाहेर येतात. पण माझ्यासारख्या काहींचा दोराच वाचला असता.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी भूल देऊन दोरा काढला, दहा मिनिटं लागली. कान जागचा हलला नाही, आतल्या व्रणानं तो धरलाय म्हणाले. मग माझं जुनं कार्ड मागून घेतलं आणि खाली पेननं लिहिलं: उजवा कान, पांढरा विणलेला न विरघळणारा दोरा, एक काढला.

"आणि डाव्या कानात किती हायेत जी?" आईनं विचारलं.

त्यांनी कान वाकवून दाबून पाहिला. तेवढी जागा कोरी सोडून कार्ड परत दिलं.