दगड उलटू नका, फोटो जरूर काढा

मे महिन्यात पाथर्डीत फिरायचे तर सकाळी साडेआठच्या आत. नंतर गर्भगिरीचा खडक तापतो आणि माणसांबरोबर किडेही सावली धरतात. सुट्टीच्या दिवशी मी मोबाइल घेऊन वृद्धेश्वराच्या बाजूला जातो. बाभळीवरचे मुंगळे, वाळक्या लाकडाला भोक पाडणारा काळा भुंगा, भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगी घसरण्याची वाट पाहणारी अळी, सगळे तासाभरात दिसते. हल्ली शाळकरी मुलेही असे फोटो काढतात. मला ते आवडते आणि त्याचे कारण दवाखान्यातले आहे.

रुग्ण येतो तो ‘काहीतरी चावलं’ म्हणत. काय, ते सांगता येत नाही. मधमाशी नांगी अंगात सोडून जाते, गांधीलमाशी सोडत नाही. हे ज्याने जवळून पाहिले त्याला शिकवावे लागत नाही. नांगी राहिली असेल तर चिमटा शोधत बसू नका, नखाने लगेच काढा. तिची पिशवी विष सोडतच असते. अंगभर गांधी उठल्या आणि दम लागला, तर घरी लेप लावत थांबू नका. अशा वेळी अॅड्रेनालिनचे इंजेक्शनच लागते.

तक्रार एकच. चांगल्या फोटोसाठी पोरे दगड उलटतात. खाली विंचू असतो. (तो कीटक नव्हे; आठ पायांचा, कोळ्याचा भाऊबंद.) काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो बारीक चिमट्यांचा लाल विंचू. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि कित्येक जीव वाचले. पण गोळी वेळेत पोटात गेली पाहिजे. आग्या मोहोळाचा फोटोही लांबूनच घ्यावा.

आमच्याकडे अजूनही विंचू ठेचून बाटलीत घालून आणतात. त्याला शोधण्यात अर्धा तास जातो, कधी शोधणाऱ्यालाही डंख बसतो. मागे एका मुलाने मात्र मोबाइल पुढे केला. फोटो हललेला होता, पण चिमटे आणि शेपटी ओळखू येत होती. मला तेवढे पुरले. फोटो सहज मिळाला तर घ्या, नाहीतर तसेच निघा. लक्षणे पाहूनही आम्ही उपचार सुरू करतो.