मातीतली गोष्ट, जगाचा मान

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे नाव निघाले की २०१५ सालचा १३९ दिवसांचा संप आठवतो. तेथल्या घोषणा घरोघर पोहोचल्या. चिदानंद नाईक हे नाव किती घरांत ठाऊक आहे? म्हैसूरच्या या विद्यार्थ्याच्या लघुपटाने २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या स्पर्धेत प्रथम क्रमांक पटकावला. म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही, ही कन्नड लोककथा! उसन्या विचारसरणीची गरजच पडली नाही. याच आवारात ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ साकारला. १९३७ साली व्हेनिसने त्याचा गौरव केला. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थेत लोककथा आणि संतवाङ्मय किती शिकवले जाते, हे आता समाजाने आग्रहाने विचारले पाहिजे.