दशांश चिन्हानंतरचं शून्य

प्रोसेसर किती तापलाय हे बघायचं तर आपल्यापैकी बहुतेक जण काय करतात? एखादं फुकटचं सॉफ्टवेअर टाकायचं, स्क्रीनच्या कोपऱ्यात रंगीत आकडा दिसला की झालं. हिरवा असला की आपण खूश, लाल झाला की पंख्याच्या नावाने खडे फोडायला मोकळे. हा आकडा आला कुठून, हे विचारावंसं कुणालाच वाटत नाही. माझं म्हणणं असं, की इंजिनीअरने ते विचारलंच पाहिजे. आणि ही सवय लावून घ्यायला फ्रीबीएसडीसारखी आडवाटेची सिस्टिम फार उपयोगी पडते.

फ्रीबीएसडी ही बर्कले युनिक्सची वारसदार. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर तिच्यावर चालतात, पण डेस्कटॉपवर तिला वापरणारे अगदी मोजके. तिथे तापमान ताटात वाढून मिळत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ‘कोअरटेम्प’ आणि एएमडीचा असेल तर ‘एएमडीटेम्प’ हे मॉड्यूल आपल्या हाताने कर्नलमध्ये चढवावं लागतं. कोअरटेम्प आलं ते २००८ च्या ७.० आवृत्तीत. मॉड्यूल चढलं की ‘सिसकंट्रोल’ या कमांडला विचारायचं, ती प्रत्येक कोअरचा आकडा देते. समजा, उत्तर आलं ४५.० सेल्सिअस.

आता खरी गंमत. इंटेलच्या चिपमधला सेन्सर तापमान सांगतच नाही! तो एवढंच सांगतो, की ‘कमाल मर्यादेच्या मी अजून इतके अंश खाली आहे’. मर्यादा १०० आणि सेन्सर म्हणाला ५५, तर १०० वजा ५५, म्हणजे ४५. ही वजाबाकी ड्रायव्हर करतो. सेन्सरचा लीस्ट काउंट साधारण १ अंशाचा. मग ते ‘पॉइंट झिरो’ कुठून आलं? कर्नल आतमध्ये तापमान केल्व्हिनच्या दहाव्या हिश्शात ठेवतो, म्हणून छापताना एक दशांश स्थळ उमटतं. बस्स, त्या शून्याला दुसरा काही अर्थ नाही. फिजिक्सच्या जर्नलमध्ये असं शून्य लिहिलं तर सर वही परत देतील. स्क्रीनवर दिसलं की आपण निमूट मान्य करतो.

पुढचं ऐका. सुरुवातीच्या कोअर प्रोसेसरांवर ही कमाल मर्यादा चिपमधून थेट वाचता येत नव्हती. ड्रायव्हर मॉडेल बघून ठरवायचा, ८५ धरू की १००. अंदाज चुकला तर आकडा एकदम १५ अंशांनी चुकीचा! एएमडीचीही तऱ्हा तीच. २०१७ मधल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या चिप खऱ्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवून सांगायच्या, पंख्याचा हिशेब सगळ्या मॉडेलांना सारखा राहावा म्हणून.

तुम्ही म्हणाल, हे सगळीकडेच लागू आहे, मग फ्रीबीएसडीचं कौतुक कशाला? कौतुक एवढ्यासाठी, की ती वजाबाकीची मांडणी उघडी ठेवते. कोअरटेम्पच्या खाली मर्यादा, फरक आणि लीस्ट काउंट या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचता येतात. प्रोसेसर तापून स्वतःहून मंदावला होता का, याचीही नोंद तिथेच सापडते. हां, ओपनबीएसडीमध्ये मॉड्यूल चढवायची कटकट नाही, सगळे सेन्सर एकाच झाडाखाली तयार मिळतात. सोय म्हणून ते उत्तमच. पण शिकायचं असेल तर थोडी कटकट बरी.

यात आपलं काय अडतं? तर प्रोजेक्ट रिपोर्टमधला टायमिंगचा तक्ता. प्रोसेसर मर्यादेला टेकला की स्वतःचा वेग कमी करतो. पहिला अल्गोरिदम थंड मशीनवर चालवला आणि दुसरा अर्ध्या तासाने तापलेल्या मशीनवर, तर दुसरा ‘हळू’ ठरायची भीती आहेच. निष्कर्ष अल्गोरिदमचा म्हणून छापायचा आणि करामत धूळ बसलेल्या हीटसिंकची! अशा तक्त्यावर मार्क मिळतीलही, पण तो खोटा तो खोटाच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वेग मोजणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेळेच्या शेजारी तापमानाचा एक रकाना हवा, आणि ते कसं काढलं याची एक ओळ हवी. फ्रीबीएसडी नसेल तरी चालेल, लिनक्सवरही हे जमतं. मात्र आकड्याची उलटतपासणी करायची. विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असताना साध्या पंख्याखालचा प्रोसेसर ३५ दाखवत असेल, तर आनंदाने उड्या मारू नका. हवा स्वतःपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, म्हणजे आकडाच चुकलाय. एवढं ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही. अकरावीचं फिजिक्स पुरतं.