करमणुकीचा कार्यकर्ता की कर्मचारी?

कामगार वस्तीतील एखाद्या कल्याण केंद्रात सायंकाळी डोकावले, तर एका खोलीत कॅरमभोवती जमलेली मुले दिसतात, दुसरीत शिवणवर्ग चाललेला असतो आणि वाचनालयात निवृत्त मंडळी वृत्तपत्रांची पाने वाटून घेत असतात. भजन स्पर्धा जवळ आली असेल, तर पेटी-तबल्याचा आवाजही कानी पडतो. हे सारे आपोआप चालत नाही. खेळाचे नियम, मुलांची भांडणे, नाटकाच्या तालमी, वर्गणीचा हिशेब आणि फुटलेला दिवा या सर्वांची काळजी वाहणारा एक माणूस तेथे असतो. मात्र आपला मुलगा हे काम पत्करणार असे कळताच घरातील वडीलधारे विचारतात, "ते ठीक, पण नोकरी कोणती करणार?" या प्रश्नात एका संपूर्ण व्यवसायाची कुचंबणा सामावलेली आहे.

फुरसत ही श्रीमंतांची चैन नव्हे, हे तत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले आहे. कामगाराला योग्य राहणीमानाबरोबरच फुरसतीचा आणि सांस्कृतिक संधींचा पूर्ण उपभोग घेता यावा यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे राज्यघटनेचे ४३ वे कलम सांगते. मुंबई प्रांतात तर स्वातंत्र्यापूर्वीच, १९३९ च्या सुमारास, सरकारी कामगार कल्याण केंद्रे निघाली. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने या कार्याला स्वतंत्र मंडळ आणि निश्चित उत्पन्न मिळवून दिले. दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरात, कामगाराच्या पगारातून अल्प रक्कम कापली जाते आणि मालक तिच्या तिप्पट भर घालतो. वाचनालये, व्यायामशाळा, ललित कला भवने आणि नाट्यस्पर्धा यांचा डोलारा या निधीवर उभा राहिला. गिरणीत साचा चालविणारा माणूस रात्री रंगमंचावर राजा होत असे, त्याच्यामागे हा पैसा होता आणि तालमीची जागा उघडी ठेवणारा कोणी कर्मचारीही होता.

परिस्थिती पुढे पालटली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगाव विसकटले. चाळीच्या हाकेच्या अंतरावर गिरणी आणि गिरणीच्या अंतरावर कल्याण केंद्र, ही रचनाच मोडली. कामगार दूरच्या उपनगरांत आणि औद्योगिक वसाहतींत विखुरला, कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले आणि प्रथम दूरदर्शनने व पुढे भ्रमणध्वनीने करमणूक प्रत्येकाच्या उंबरठ्याच्या आत आणली. तेव्हा आता असल्या केंद्रांची आणि त्यांच्या चालकांची गरजच काय, असा प्रश्न विचारला जातो. परंतु पडद्यासमोर एकट्याने वेळ घालविणे आणि चारचौघांत मिसळून खेळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला मैदान लागते, तसे त्या मैदानावर दांडगाईला आवर घालून दुबळ्यालाही खेळायला घेणारे मोठे माणूसही लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली होती. त्यांच्या एकटेपणावर केवळ औषधाची गोळी हा उपाय नव्हे. गरज सरलेली नाही. तिने घर बदलले आहे.

मग या कामाला प्रतिष्ठा का नाही? त्याचे एक कारण आपल्या गौरवशाली परंपरेतच दडलेले आहे. तालमीतील वस्ताद, गणेशोत्सवाच्या मेळ्यांचे चालक, १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा व कलापथके, या सर्वांनी समाजाला खेळविले, गायला लावले, नाटक शिकविले आणि तेही विनामूल्य. हा त्याग वंदनीय आहे. पण त्यातून हे काम फुकटच करावयाचे असते, असा एक सोयीस्कर समज रूढ झाला. 'कार्यकर्ता' म्हणून हारतुरे द्यावयाचे आणि 'कर्मचारी' म्हणून वेतन मागितले की भुवया उंचवावयाच्या, हा त्या समजाचाच परिपाक होय. शिक्षणही एके काळी दानच मानले जात होते. म्हणून आज शिक्षकाने पगार घेऊ नये असे कोणी म्हणत नाही.

कायद्याचीही नजर याहून फारशी निराळी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे शिक्षक सांगितले खरे, पण ते 'अंशकालीन'! गणित पूर्णवेळ आणि खेळ अर्धवेळ, असा हा हिशेब. महाराष्ट्रात ही पदे मानधनावर आणि मुदतीच्या नेमणुकीवर भरली गेली, तेव्हा त्यांवर आयुष्याची घडी बसविणे कोणाही पदवीधराला अवघडच होते. दुसऱ्या टोकाला, भरमसाट शुल्क घेणारी उन्हाळी शिबिरे आणि संकुलांतील क्रीडागृहे यांचा बाजार वाढतो आहे. तेथे रोजगार आहे, पण तो हंगामी. आणि खेळावयास मिळते ते ज्याच्या पालकाच्या खिशात पैसा आहे त्याला. घटनेने कामगाराला देऊ केलेली फुरसत अशा रीतीने तिकीट लावून विकली जाते.

या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या तरुणाला खोटी आशा दाखविणे योग्य होणार नाही. शारीरिक शिक्षणाची किंवा समाजकार्याची पदवी हाती असली, तरी वाट अरुंद आहे. त्यात कामाची वेळ ही नेमकी इतरांच्या सुट्टीची वेळ. सणवार आणि सायंकाळ घराबाहेर जाणार. अन्यत्र जमले नाही म्हणून यावे, असे हे क्षेत्र नाही. शिट्टी वाजविता आली म्हणजे झाले असेही नाही. प्रथमोपचार, मुलांचे मानस, हिशेब, अपंग व वृद्ध यांना खेळात सामावून घेण्याची हातोटी, हे सारे शिकावे लागते. शिकावे लागते म्हणूनच ते कौशल्य आहे, आणि कौशल्याला मोल असावयास हवे.

ते मोल ठरविणे शासनाला अशक्य नाही. मोठ्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरविले तेव्हा एक नवा व्यवसाय कायद्याच्या एका कलमातून जन्मास आला. त्या कायद्यातील पाचशे कामगारांची अट २०२० च्या संहितेने अडीचशेवर आणली. जे कारखान्यात होऊ शकले, ते वस्तीत का होऊ नये? कल्याण केंद्रे, नगरपालिकांच्या व्यायामशाळा, वाचनालये आणि दुपारनंतर रिकाम्या पडणाऱ्या शाळांच्या इमारती तर उभ्याच आहेत. त्यांना हवा आहे तो मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेला, वेतनश्रेणी आणि बढतीची शिडी असलेला पूर्णवेळ माणूस. नवी क्रीडासंकुले उभारताना कोनशिलेवर नावे कोरली जातात. त्या संकुलाचे कुलूप रोज सायंकाळी कोण उघडणार, याची तरतूद मात्र अंदाजपत्रकात शोधावी लागते. ती तरतूद ठळकपणे दिसू लागेल, त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर असेल.